घरी दळलेली हळद

माझ्या आजाराचं नाव सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "पण शिसं पोटात गेलंच कसं?"

मी कुठल्या कारखान्यात काम करत नाही. ग्वाल्हेरला मुलींच्या शाळेत गणित शिकवते, हरिशंकरपुरमात राहते, बाहेरचं फारसं खात नाही. घरात आम्ही चौघं: मी, माझे यजमान, मुलगा निनाद आणि सून वैष्णवी. हे लिहायचं तिनेच डोक्यात घातलं. "आई, किसी और को भी असंच पोट दुखत असेल आणि कारण समजत नसेल. तुम्ही लिहा ना," असं ती म्हणत राहिली. तिची मराठी अशीच आहे, अर्धी हिंदीत वाहून जाणारी. इथल्या सगळ्याच मुलांची तशी आहे. तर लिहिते.

पोट

सुरुवात पोटापासून झाली. बेंबीभोवती पीळ पडल्यासारखं दुखायचं, थांबायचं, परत यायचं. पोट साफ होणं जवळजवळ बंद झालं. तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव. चहा गोड लागेना, आमटी आंबट लागेना. दोन जिने चढले की दम लागायचा.

एका डॉक्टरांनी गॅस म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यामुळे पोट आणखीच बांधलं गेलं. मग नळ्या घालून वरून तपासणी झाली, खालून झाली. काहीच सापडलं नाही. काही न सापडल्याचा आनंद एकच दिवस टिकतो, कारण दुखणं तर तसंच असतं. तिसऱ्या डॉक्टरांनी माझं वय विचारलं, मान हलवली आणि झोपेची गोळी लिहून दिली.

शाळेत एकदा दहावीच्या वर्गात फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत होते. दुसऱ्या पायरीनंतर पुढे काय, हेच आठवेना. जे गणित मी झोपेतही सोडवलं असतं, त्याच्यापुढे मी पाटी कोरी करून उभी. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच पुढची पायरी सांगितली. ती लिहायला हात वर केला, तर मनगट सरळ राहीना. पंजा लोंबायला लागला. मुलींना उदाहरणं सोडवायला देऊन मी खुर्चीत बसले आणि तास संपेपर्यंत उठले नाही.

घरी याबद्दल बोलले नाही. पोटाचं दुखणं सांगता येतं. डोकं चालेनासं झालंय, हे सांगणं वेगळं.

स्वयंपाकघर

त्याच सुमारास वैष्णवीला दिवस गेले होते. तिला फोडणीचा वास सहन होईना. मी गॅसवर कढई ठेवली की ती खोलीचं दार लावून घ्यायची. दहीभात, उकडलेला बटाटा आणि मीठ, एवढ्यावर ती राहायची. मी तिच्यासाठी मुद्दाम काही करावं आणि तिने ताट बाजूला सारावं, हे रोजचंच झालं. दुखण्याने माझाही स्वभाव तिरसट झाला होता. एकदा मी यजमानांना म्हटलं, "तिला माझ्या हातचं नको असतं." ते तिला ऐकू गेलं. त्यानंतर ती बटाटा उकडायलासुद्धा स्वयंपाकघरात मी नसतानाच यायची.

वैष्णवी दाना ओलीतल्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातल्या, जाधवांची मुलगी. तिचे वडील यशवंतराव यांचं तिथे किराण्याचं दुकान आहे. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून फौजेबरोबर आलेले, आमचे दरबारात कारकुनी करायला आलेले. आता या गोष्टीचं काय, असं सगळेच म्हणतात, तरी निनादने लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरं थोडी अवघडली होती. हळूहळू ते सैल झालं. लग्नानंतर आमचा वर्षाचा मसाला यशवंतरावांच्याच दुकानातून यायला लागला. निवडलेला, पाखडलेला, पिशव्या शिवून पाठवलेला.

निदान

एका सकाळी दुखणं एवढं वाढलं की मी फरशीवर आडवी झाले आणि उठताच येईना. यजमान आणि निनाद मला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. वैष्णवीही मागोमाग आली. कॅन्सर हा शब्द आमच्यापैकी कोणी उच्चारला नव्हता, पण गाडीत तोच बसला होता.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, निनादपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी जुन्या रिपोर्टांची जाड फाईल पाहिली, बाजूला ठेवली आणि ताजं रक्त काचेवर घेऊन स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघायला गेल्या. परत आल्या त्या हातात टॉर्च घेऊन. मला तोंड उघडायला सांगितलं आणि खालचा ओठ ओढून हिरड्या बघितल्या. मग दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून त्यांनाही दाखवल्या. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती. मी रोज दात घासत होते, आरशात बघत होते. मला ती कधी दिसली नव्हती.

"कैंसर नहीं है," त्या म्हणाल्या. "मुझे लगता है शरीर में सीसा गया है. दिल्ली से जाँच होकर आएगी, तब पक्का होगा."

यजमान हसले आणि हसता हसता रडायला लागले. चष्मा काढून पुसत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्या एका क्षणात मलाही वाटलं की सुटलो.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घर में और कौन-कौन है? कोई छोटा बच्चा? कोई गर्भवती?"

आम्ही सगळ्यांनी वैष्णवीकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. तिने ओढणी पोटावर गच्च धरली.

मला विचाराल तर माझ्या आजाराचं निदान त्या प्रश्नाने झालं. तोवर मी माझ्या जिवाला घाबरत होते. ती भीती तिथेच संपली आणि दुसरी सुरू झाली. शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं, हे डॉक्टरांनी न लपवता सांगितलं. त्याच दिवशी घरातल्या चौघांचंही रक्त घेतलं. वैष्णवीची शीर नर्सला लवकर सापडेना. मी पलंगावरून बघत होते.

वॉर्ड

माझा रिपोर्ट तातडीचा म्हणून दिल्लीहून आधी आला आणि शिसं पक्कं झालं. पुढचे दिवस सलाईनच्या बाटल्यांकडे बघण्यात गेले. औषध शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढतं, एवढंच मला समजलं आणि तेवढं पुरलं. रोज तेच: पहाटे रक्त, मग सुई, मग ज्या डब्यात लघवी जमवायची त्या डब्याची चौकशी. माणसाची लाज रुग्णालयात पहिल्या दोन दिवसांत संपते आणि ते बरंच असतं.

शेजारच्या खाटेवर मुरैन्याकडच्या एक बाई होत्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. राउंडवरच्या सिस्टर रोज सकाळी वॉर्डाच्या दारातूनच मोठ्याने विचारत, "मास्टरनी जी, पेट साफ हुआ?" सगळा वॉर्ड माझ्या उत्तराची वाट पाहायचा. ज्या सकाळी मी हो म्हटलं त्या सकाळी त्या मुरैन्याच्या बाईंनी आपल्या सुनेला कँटीनमधून जिलेबी आणायला पाठवलं. मी अर्धी खाल्ली. ती गोड लागली. चव परत येते आहे, हे मला त्या अर्ध्या जिलेबीवर कळलं.

दुपारी मात्र वेळ जायचा नाही. वैष्णवीचा रिपोर्ट यायचा होता. ती रोज डबा घेऊन यायची, स्टुलावर बसायची. डब्यात मऊ भात असे, मीठ आणि तूप घातलेला, कारण शिसं नेमकं कशातून आलं ते कळेपर्यंत घरात दुसरं काही शिजवायचं नाही असं ठरलं होतं. आम्ही दोघी हवेबद्दल बोलायचो. पोटातल्या जिवाचा विषय कोणीच काढत नव्हतं.

शोध

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं होतं. घराला नवा रंग दिला का, वैद्याचं भस्म घेता का, भांड्यांना कल्हई कुठून करता, कुंकू कुठलं. सगळ्याला नाही म्हणून झाल्यावर त्यांनी वेगळ्या पद्धतीने विचारलं. घरातल्या बाकीच्यांपेक्षा तुम्ही एकट्या कोणती गोष्ट जास्त खाता?

मी दिवसभराचं खाणं एकेक करून आठवलं. मग म्हटलं, "हल्दी."

गुडघे दुखतात म्हणून मी रोज सकाळी गरम पाण्यातून आणि संध्याकाळी दुधातून चमचाभर हळद घेत होते. शिवाय भाजी-आमटीत घरात पडते ती वेगळी. आणि विकतच्या पुडीवर भरवसा नको, म्हणून हळकुंडं आणून मी स्वतः मिक्सरवर दळत होते. दळताना पिवळी धूळ उडायची, नाकातोंडात जायची. अख्ख्या हळकुंडात कोण काय मिसळणार, असा माझा हिशेब होता. त्या वर्षीची हळकुंडं तर फारच देखणी होती. लखलखीत पिवळी, एकसारखी.

निनादने इंटरनेटवरून शोधून पाण्याची परीक्षा करून पाहिली. पेल्यात हळद टाकली, ती शहाण्यासारखी तळाशी बसली. म्हणजे शुद्ध, असं तो म्हणाला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. असल्या परीक्षेत शिसं दिसत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

मला घरी सोडल्यावर निनादने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. हातमोजे घालून एकेक डबा उघडला आणि प्रत्येकातला थोडाथोडा ऐवज वेगळ्या पिशवीत भरून वर नाव लिहिलं. हळद, तिखट, धणे, जिरं, हिंग, गोडा मसाला, देव्हाऱ्यातलं कुंकूसुद्धा. माझे डबे, माझ्या हातचा मसाला, आणि मी खुर्चीत बसून बघते आहे. घरावर धाड पडल्यासारखं वाटलं. यजमानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो त्यांनी सगळं आवरेपर्यंत काढला नाही.

रिपोर्ट आला तेव्हा सगळ्या पिशव्या ठीक निघाल्या, दोन सोडून. हळदीत शिसं मर्यादेच्या कितीतरी पट. गोड्या मसाल्यात त्याहून कमी, कारण त्यात तीच हळकुंडं तळून घातली होती. प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी फोनवर समजावलं की हळदीत शिशाबरोबर क्रोमियमही सापडलं आहे, आणि ही जोडी एकत्र आली की तो बहुतेक पिवळा रंग असतो. जुनाट, फिकट हळकुंडं या रंगात घोळवली की ती ताजी दिसतात. वरच्या सालीवर चढलेला तो रंग मी घरी, माझ्या हाताने, बारीक दळत होते.

वैष्णवीचा रिपोर्टही त्याच आठवड्यात आला. तिच्या रक्तात शिसं होतं, पण थोडं. घाबरण्यासारखं नाही, अधूनमधून तपासत राहू, असं डॉक्टर म्हणाल्या. यजमानांचं आणि निनादचं तिच्यापेक्षा बरंच जास्त निघालं होतं, पण औषध लागण्याइतकं नाही.

असं का, हे डॉक्टरांच्या आधी वैष्णवीच्याच लक्षात आलं. नवी हळकुंडं आली आणि लगेचच तिला फोडणीचा वास नकोसा झाला होता. आम्ही सगळे जेवत होतो तेव्हा ती दहीभात खात होती.

"आई, मी तुमचं खात नव्हते," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. मनगटात जोर नव्हता, तरी जेवढं जमलं तेवढं घट्ट.

दाना ओली

आता यशवंतरावांना सांगायचं होतं.

निनादचं म्हणणं, सरळ तक्रार करायची. यजमान म्हणाले, आधी घरी जाऊन बोलू. वैष्णवी दोघांच्या मधे बसून होती. शेवटी तीच म्हणाली, "पप्पांना मीच सांगते. लेकिन तुम्ही पण चला."

आम्ही गेलो. तिने बापाच्या हातात रिपोर्ट दिला. यशवंतरावांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले की ज्या आडतीतून त्यांच्या वडिलांनी माल घेतला त्याच आडतीतून ते घेतात, आणि ही हळद ते स्वतः खातात. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. त्यांच्या पत्नी, सुमनताई, चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या घरचं तुम्हाला पहिल्यापासूनच चाललं नाही. आता त्याला कागद मिळाला."

वैष्णवी बोलायला गेली तर तिला हुंदका फुटला. आम्ही चहा न घेताच उठलो. दाना ओलीतून नई सडकेपर्यंत चालतच आलो.

त्यानंतर त्या घरातून फोन येणं बंद झालं. वैष्णवी तिच्या आईला रोज फोन करायची, दोन वाक्यांत तो संपायचा. माझ्या औषधाचा दुसरा फेरा चालू होता. आजाराने शरीराचं काय केलं ते रक्तात मोजता येत होतं. हे मोजता येत नव्हतं.

मग एके दिवशी यशवंतराव एकटेच आमच्याकडे आले. पाणी प्याले आणि सांगायला लागले. त्या दिवशी आम्ही गेल्यावर त्यांनी कोणाला न सांगता स्वतःचं आणि सुमनताईंचं रक्त दिल्लीला पाठवलं होतं. दोघांच्याही रक्तात शिसं होतं. सुमनताईंचं माझ्या खालोखाल. त्यांचं पोट कित्येक दिवस दुखत होतं, पित्त म्हणून त्या ओव्याची फक्की मारत होत्या.

"मी विकत होतो आणि तिलाही तेच वाढत होतो," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं, माधुरीताई. पण माहीत नव्हतं एवढं म्हणून भागत नाही."

मी त्यांना म्हटलं की माहीत मलाही नव्हतं, आणि दळत तर मीच होते. ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून थोडं हसले.

दुकानातली सगळी हळद त्यांनी स्वतःहून बांधून अन्न खात्याच्या स्वाधीन केली आणि माल कोणाकडून घेतला तेही लिहून दिलं. आडतवाल्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं, ओळीतल्या दोघातिघा दुकानदारांनीही. प्रकरण अजून चालू आहे. गिऱ्हाइकांना मात्र त्यांनी दुकानात उभं राहून एकेकाला सांगितलं की माझ्याकडून नेलेली हळद फेकू नका, परत आणून द्या, आणि पोट दुखत असेल तर रक्त तपासा. काही जण भांडले. काही जणांनी खरोखर तपासून घेतलं.

सुमनताईंना मी नेलं त्याच डॉक्टरांकडे. ओपीडीच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. नंबर यायच्या जरा आधी त्यांनी विचारलं, सुई फार दुखते का? मी म्हटलं, पहिली दुखते. सलाईन लावल्यावर त्या डोळे मिटून पडल्या आणि मी त्यांच्या डोक्याखालची उशी सारखी केली.

नंतर

बरं होणं हळू होतं. शिसं हाडात दडून बसतं आणि सवडीने बाहेर येतं, म्हणून अजूनही मी रक्त तपासत असते. बोटांची ताकद परत आली. शाळेत परतले त्या दिवशी फळ्यावर एक लांबलचक उदाहरण मुद्दामच घेतलं आणि शेवटपर्यंत सोडवलं. विसरभोळेपणा थोडा राहिला आहे. तो आजाराचा की वयाचा, हे विचारायचं मी सोडून दिलं.

ज्यांचं पोट दुखतं आहे आणि सगळ्या तपासण्या ठीक येत आहेत, त्यांना एवढंच सांगते: रक्तातलं शिसं तपासायला सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही विचारा. आणि फार देखण्या हळदीला भुलू नका. चांगली हळद दिसायला साधीच असते.

वैष्णवीला मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या तिचंही रक्त तपासलं आणि ते चांगलं निघालं. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा आम्ही दोन्ही घरं एकाच बाकावर बसलो होतो.

बारसं दाना ओलीत झालं, आजोळी. पाळण्याभोवती बायकांची दाटी होती. सुमनताई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन एकेकीला लावत येत होत्या, हळद आणि मग कुंकू. माझ्यापुढे आल्या आणि त्यांचं बोट हळदीवर थबकलं. मग ते सरळ कुंकवात गेलं.

मी त्यांचा हात धरला. "हळद राहिली," म्हटलं.

"तपासून आणलेली आहे," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तरी वाटलं, तुम्हाला नको असेल."

"लावा."

त्यांनी बोट हळदीत बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं. ते बोट कपाळावर जरा जास्तच वेळ टेकून राहिलं. मग मी कोयरी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांना लावली.